कोलशेतला निघालेली लस

दसऱ्याला आमच्या ओळखीचे एक मासिकाचे संपादक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि वाकलेलेच असताना म्हणाले, "काका, दिवाळीच्या सुमाराच्या अंकाला तुमचा लेख हवा. मुलांच्या आरोग्याच्या कामात आपल्या इकडे काय काय सुधारणा झाल्या, हल्ली कोणत्या गोष्टींकडे आधी लक्ष द्यायला हवं, असं काहीतरी लिहा. बोधप्रद पाहिजे."

वाकलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. हो म्हणालो. बोध मात्र त्यांनी आपल्या पदरचा घालून घ्यावा, कारण आमच्या खात्याने माझ्याकडे तो शिल्लक ठेवलेला नाही. मी जन्मभर ठाणे जिल्ह्यात देवी काढण्याचं, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचण्याचं, काम केलं. सरकारी कागदात आम्हाला व्हॅक्सिनेटर म्हणतात. शहरात सभ्य लोक देवी डॉक्टर म्हणतात. आणि खाडीकाठच्या गावात आम्ही बांधावर दिसलो की बाया पोरं काखेला मारून आत पळतात आणि म्हणतात, टोच्या आला. मला विचाराल तर हेच नाव बरोबर आहे. डॉक्टर मी कधीच नव्हतो, आणि व्हॅक्सिनेटर हा शब्द माझ्या आईला मरेपर्यंत उच्चारता आला नाही.

सुधारणांचं म्हणाल तर त्या भरपूर झाल्या, सगळ्या कागदावर. दर वर्षी पावसाळा सरला की मुंबईहून हुकूम यायचा, की यंदा अमुक गोष्टीकडे मुख्य लक्ष पुरवावे. एक वर्ष तान्ह्या मुलांकडे. आम्ही तान्ही मुलं हुडकत फिरलो. पुढल्या वर्षी कोणाच्या मनात आलं, मोठ्यांना पुन्हा टोचा. मग तान्ही राहिली बाजूला आणि आम्ही मिशा फुटलेल्या गड्यांच्या मागे धावलो, त्यांनी आम्हाला शेताबाहेर काढलं. एका वर्षी मुख्य लक्ष आमच्या पेटीकडे होतं. पेटी घासून लख्ख ठेवावी, बिजागरीला तेल द्यावं. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबाने पेटीत तोंड बघितलं, मिशी नीट केली आणि शेरा दिला, काम उत्तम. टोचलेलं एकही पोर त्याने बघितलं नाही.

आता हे टोचणं म्हणजे काय ते सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं लस बाटलीतून येते. त्या काळी लस माणसातून माणसात जायची. एका निरोगी पोराच्या दंडावर नस्तराने चार ओरखडे काढून लस लावायची. ती लागू पडली की तिथे मोत्यासारखे फोड उठतात. आठव्या दिवशी ते ऐन भरात असतात. त्या दिवशी फोडाला हळूच टोक लावायचं, आतलं पाणी घ्यायचं आणि ते दुसऱ्या पोरांच्या दंडावर लावायचं. त्यांचे फोड भरले की पुढच्यांना. ही साखळी. एक दिवस उशीर झाला की पाणी गढूळ होतं, मग खपली, मग संपलं. म्हणून आम्ही पिकलेल्या दंडाचं पोर त्याच्या आईसकट एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचो. आणि त्यासाठी त्या आईची जेवढी मनधरणी करावी लागे तेवढी मी माझ्या बायकोची सबंध संसारात केली नाही, असं ती स्वतःच सांगते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका आजोबाने नातवाला भाताच्या कणगीत लपवलं होतं आणि वर झाकण टाकून स्वतः बसले होते. कणगी शिंकली तरी आजोबा कबूल होईनात. कल्याणात तर एका आळीने कमालच केली. साहेब घरोघर टोचल्याची खूण बघायला यायचा होता. आळीत टोचलेलं पोर एकच. ते पोर मागल्या दाराने घराघरांतून पुढे सरकत राहिलं, साहेब पुढल्या दाराने. चौथ्या घरी साहेबाला संशय आला. म्हणाला, हे पोर मी बघितलंय. घरमालकाने शांतपणे सांगितलं, "जुळी आहेत, साहेब." पाचव्या घरीही तेच पोर निघालं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं, आमच्या आळीत जुळ्यांची खोडच आहे. साहेबाने ते टिपून घेतलं.

असो. संपादकांना बोध हवा आहे, म्हणून त्या वर्षाची गोष्ट सांगतो, ज्या वर्षी आम्हाला साखळी कशी टिकवावी याचं शिक्षण मिळालं.

पावसाळ्यात आमचं काम बंद असे. दसऱ्यानंतर मुंबईहून काचेच्या नळीतून नवी लस येई आणि त्यावर साखळी पुन्हा सुरू करायची. ती लस वाटेतल्या उन्हाने निम्मी मेलेली असे. त्या वर्षी मी बऱ्याच पोरांना लावली आणि उठली एकाच्याच दंडावर. दिवा गावच्या कोळीवाड्यातल्या हिराच्या पोरग्याच्या. चार फोड, टपोरे, बघून मला माझंच पोर पास झाल्यासारखं वाटलं. माझ्या हद्दीत तेवढी एक जिवंत लस होती.

हिराची थोरली मुलगी मागच्या शिमग्यात देवीने गेली होती. म्हणूनच तिने मला दारात उभं केलं, एरवी नसतं केलं. आणि टोचून घेताना तिने अट घातली होती. तिची धाकटी बहीण पारू कोलशेतला दिली होती आणि पारूची मुलगी पाळण्यात होती. कोलशेतच्या शेजारच्या गावी देवीचे दोन आजारी झाल्याची खबर आली होती.

"माजे पोराचे हाताचा पानी पयला पारूचे पोरीला," हिरा म्हणाली. "नायतर हात लावू नका."

"पहिलं तिलाच," मी म्हणालो. "उरेल ते त्या गावातल्या बाकीच्या पोरांना."

"बाकीची पोरा कोनाची?"

मी म्हणालो, तुला त्याचं काय करायचं आहे? तेव्हा तिने मला त्यांच्या वाड्याची रीत सांगितली. एकाच्या दंडाचं पाणी दुसऱ्याच्या दंडात गेलं की ती दोन पोरं भावंडं झाली. त्यांचं पुढे लग्न होत नाही. आणि त्यांतलं एक आजारी पडलं, तर दुसऱ्याच्या आईने जाऊन त्याच्या पाळण्याशी बसायचं. ही रीत कोणत्या पोथीत आहे ते मला ठाऊक नाही. आमच्या खात्याच्या कागदात तर नव्हतीच. पण या रीतीपायी हिरा हात आखडता घेत होती. पाणी द्यायला तिची ना नव्हती. ज्याला दिलं त्याची ती जन्माची देणेकरी होत होती, आणि असं किती घरांचं व्हायचं ते ती मोजूनमापून ठरवणार होती.

मी तिला म्हणालो, कोलशेतची पोरं, सगळी तुमच्याच जातभाईंची. तेव्हा ती तयार झाली. आठव्या दिवशी होडीने कोलशेतला जायचं ठरलं.

आणि हुकूम आला. जिल्ह्यातल्या यच्चयावत व्हॅक्सिनेटरांनी वसुबारसेच्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत हजर व्हावे. मुंबईहून मोठे साहेब येणार, एक विद्वान डॉक्टर व्याख्यान देणार. विषय दोन. लसीची साखळी तुटू न देण्याचे उपाय, आणि यंदाचे मुख्य लक्ष म्हणजे वासराची लस. वासराच्या पोटावर लस वाढवायची आणि तिथून थेट मुलांना लावायची, अशी नवी युक्ती निघाली होती.

वसुबारस म्हणजे नेमका माझा आठवा दिवस. माझाच कशाला, मुंबईच्या नळ्या सगळ्यांना एकाच टपालाने आल्या होत्या, तेव्हा जिल्हाभर जिथे जिथे म्हणून फोड उठले होते ते सगळे त्याच दिवशी पिकणार होते. मी अर्ज केला, की त्या दिवशी गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी, नाहीतर साखळी तुटेल. उलट टपाली उत्तर आलं. साखळीविषयीच्या शिक्षणाला साखळीचेच कारण सांगून गैरहजर राहता येणार नाही. बाकीच्या मंडळींनी आपापले पिकलेले दंड देवाच्या हवाली केले आणि गाडी पकडली.

मी नोकरी सोडायच्या लायकीचा शूर माणूस नव्हतो. घरी पाच तोंडं खाणारी. म्हणून मधला मार्ग काढला. हिराला पोरासकट होडीने ठाण्याच्या बंदरावर आणायची, दुपारपर्यंत कचेरीच्या ओसरीवर बसवायची, व्याख्यान एका कानाने ऐकायचं आणि दुपारच्या पाण्याबरोबर तीच होडी पुढे कोलशेतला काढायची. हिराचा नवरा वल्ह्यावर. त्याने भरती-ओहोटीचा हिशेब सांगितला आणि म्हणाला, "मास्तर, साहेबाला सांगा लय बोलू नको. पानी थांबत नाय."

कचेरीचा दिवाणखाना फुलांच्या माळांनी सजवला होता. साहेबाच्या एका हाताला व्याख्यान देणारे तरुण डॉक्टर, दुसऱ्या हाताला टेंभी नाक्याचे रावसाहेब. हे म्युनिसिपालिटीचे मेंबर, सुधारणेचे कैवारी, आणि ठाण्यात कुठेही सतरंजी पसरली की तिच्या टोकाला अध्यक्ष म्हणून बसलेले सापडायचेच. त्यांच्या मांडीवर त्यांचा नातू, जरीची कुंची घातलेला, वर्षाच्या आतला. समोर शहरातली आणखी काही प्रतिष्ठित मंडळी आपापले नातू घेऊन. वासराची लस आधी या घरांतल्या मुलांना जाहीरपणे लावायची, म्हणजे अडाणी जनतेसमोर उदाहरण राहील, अशी योजना होती. गोमातेची लस म्हटल्यावर मंडळी हौसेने आली होती.

व्याख्यान सुरू झालं. मुलांच्या आरोग्याच्या कामी कोणत्या गोष्टीला अग्रमान द्यावा, यावर डॉक्टर तासभर बोलले. माझ्या शेजारचा शहापूरचा व्हॅक्सिनेटर बसल्या जागी घोरला. मी ओसरीकडे बघत होतो. हिरा खांबाला टेकून पोराला पाजत होती आणि त्याचा दंड पदराने झाकत होती.

व्याख्यान संपलं तरी वासराचा पत्ता नाही. ते सकाळच्या गाडीने स्टेशनात उतरलं होतं. शेवटी पट्टेवाला त्याला घेऊन आला आणि मी कपाळाला हात लावला. वासराच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू, शिंगं यायची जागा गेरूने रंगवलेली. आणि लस वाढवलेलं पोट हळद आणि तुपाने माखलेलं.

झालं होतं असं. पट्टेवाला वासराला देवळाच्या आवारात बांधून फराळाला गेला. वसुबारस. बायांच्या नजरेला आयतं वासरू पडलं. पूजा संध्याकाळची खरी, पण वासरू तोवर राहतंय थोडंच. त्यांनी पाय धुतले, ओवाळलं, आणि पोटावरचे फोड दिसल्यावर त्यांचा जीव कळवळला.

"मी नको नको म्हणत होतो," पट्टेवाला म्हणाला. "म्हणाल्या, मुक्या जनावराचे काय हाल केलेत मेल्यांनी. फोड गरम पाण्याने शेकून, पुसून, तूप-हळद लावली."

साहेबाने विचारलं, हा मनुष्य काय सांगतो? डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं, की नव्या लसीचं इथल्या स्त्रियांनी फार उत्साहाने स्वागत केलं आहे. साहेबाने मान डोलावली आणि म्हणाला, आता टोचा.

आता घोडं अडलं. लस नाही. डॉक्टरांनी घाम पुसला, आमच्याकडे वळले आणि विचारलं, कोणाकडे पिकलेला दंड आहे का? सगळे मूग गिळून बसले. तेवढ्यात ओसरीवर हिराचं पोर रडलं आणि शहापूरकर जागा होऊन म्हणाला, "यांनी आणलंय की एक." त्याला मी आजतागायत क्षमा केलेली नाही.

मी उभा राहिलो. सांगितलं, ही लस कोलशेतची आहे. तिकडे देवीचे आजारी आहेत, आज लस पोचली नाही तर वाया जाईल.

"कोलशेत काय खाडीत वाहून जाणार आहे?" डॉक्टर म्हणाले.

"कोलशेत राहील," मी म्हणालो. "पोरं राहतील का, ते तुम्ही सांगा."

माझ्या नोकरीतलं हे सर्वांत उद्धट वाक्य. डॉक्टरांनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि हिराला आत बोलावलं.

ती पोराला घेऊन आत आली. कोळणीच्या पोराच्या दंडाचं पाणी आपल्या नातवांना लावणार, हे प्रतिष्ठितांच्या ध्यानात आलं. मग जे सुरू झालं ते बघायला मिळावं म्हणून मी पुन्हा तेवढी नोकरी करीन. एकाच्या नातवाला तिथल्या तिथे पडसं झालं. दुसऱ्यांना आठवलं की घरी सोयर आहे. तिसरे म्हणाले, आमचा मंगळ नडतो. चौथे काही न बोलता नातू उचलून मागल्या मागे गेले आणि त्यांचा जोडा तिथेच राहिला. डॉक्टर एकेकाचं कारण साहेबाला इंग्रजीत करून सांगत होते, आणि मंगळ काही त्यांना इंग्रजीत करता येईना.

उरले रावसाहेब. त्यांना साहेबाने डाव्या हाताला बसवलेलं, मांडीवर नातू, पळायला वाट नाही. साहेब त्यांच्याकडे बघून हसला. रावसाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण ते म्हणाले, "आमच्या घरात असले खुळे विचार नाहीत. टोचा."

हिराने पोराचा दंड धरून ठेवला. "एकाच पोराला," ती डॉक्टरांना म्हणाली. "बाकीचा कोलशेतचा हाय." मग तिने रावसाहेबांच्या मांडीवरच्या मुलाकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, हा कोणाचा, राहतो कुठे? मी सांगितलं.

"बरा," ती रावसाहेबांना म्हणाली. "आता ह्यो माजे पोराचा भाऊस झाला. कवा दुखला-खुपला तं सांगावा धारा. मी येन."

रावसाहेब छताकडे बघत राहिले. साहेबाने विचारलं, ही बाई काय म्हणते? डॉक्टर म्हणाले, सरकारचे आभार मानते आहे.

एक फोड उघडला, रावसाहेबांच्या नातवाला टोचलं. टाळ्या झाल्या. बाकीचे फोड वाचले, आणि ते प्रतिष्ठितांच्या सोवळ्यामुळे वाचले, हे मी त्यांच्या नावे जमा धरतो. मी हिराला घेऊन बंदरावर जवळजवळ पळत गेलो. दिवेलागणीच्या आधी होडी कोलशेतला लागली. पारू पोरीला घेऊन काठावरच उभी होती. तिला टोचलं, मग वाड्यातली बाकीची पोरं. हिरा प्रत्येक पोर येताना त्याच्या आईचं नाव विचारत होती आणि मान हलवत होती. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सगळ्यांचे दंड उठले होते. त्या संध्याकाळी मी पारूच्या ओट्यावर बसलो आणि मला रडू आलं, ते मी खोकल्यात खपवलं.

मार्गशीर्षात देवी कोलशेतला आली. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आली, दोन-चार गेले. टोचलेल्या पोरांपैकी एकालाही शिवली नाही. तिथून ती ठाण्यात शिरली आणि थोड्याच दिवसांत माझ्या हाती डॉक्टरांचा कागद पडला. टेंभी नाक्याच्या रावसाहेबांच्या नातवास आपण आणलेल्या लसीने टोचले असता देवी कशा आल्या, याचा खुलासा करावा. शहरात तर रावसाहेबांनी सांगायला सुरुवात केली होती, की कोळ्याच्या पोराची लस, ती कशी असणार.

मी रावसाहेबांच्या घरी गेलो. पुढच्या दाराला, घरात देवी आल्याची खूण म्हणून, कडुनिंबाचा टाळा टांगलेला. ते स्वतः म्युनिसिपालिटीच्या कचेरीत होते. त्यांची पत्नी बाकीच्या नातवंडांना घेऊन कल्याणला माहेरी गेली होती. मी परसदारी वळलो आणि बघतो तर विहिरीच्या कट्ट्यावर हिरा बसलेली. बाजारात मासळी विकताना तिच्या कानावर आलं होतं. कोणी सांगावा धाडला नव्हता. सकाळपासून बसली होती, आत घेतलं नव्हतं, आणि ती उठून जातही नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "खरा सांगा. माजे पोराचा पानी खोटा होता काय?"

ती काय विचारत होती ते मला कळलं. ते पाणी खोटं, तर तिचा मुलगा उघडा, पारूची मुलगी उघडी, कोलशेतचा सगळा वाडा उघडा. मी म्हणालो, खोटं कसं असेल, कोलशेतला तू बघतेस ना. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. मग हा पोर आजारी का पडला, ती म्हणाली.

उत्तर आतून आलं. माजघराच्या खिडकीशी रावसाहेबांची सून उभी होती. सतरा-अठरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले.

"पाणी खोटं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी आल्या आल्या मामंजींनी हात धुवायला लावला. आधी गोमूत्राने, मग राखेने घासून, वर शेणाचा लेप. बाळ ओरडत होतं. मीच घासला."

  हिरा उठली, विहिरीवर हातपाय धुतले, अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी मोडली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "बाय, तू दोन रात झोपली नाय दिसते. मना आत घे. मी वारा घालते."

सुनेने एकदा पुढल्या दाराकडे बघितलं. मग येऊन मागचं दार उघडलं. हिरा रोज मासळी विकून झाली की तिथे जायची आणि रावसाहेब कचेरीतून यायच्या आधी मागल्या दाराने निघायची. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल गेलं, तेव्हा ती पाळण्याशीच होती.

मी खुलासा लिहिला. लस चांगली होती, धुतली गेली. तो कागद परत आला नाही आणि पुढेही गेला नाही. डॉक्टरांच्या वार्षिक हकिगतीत मात्र आलं, की खालच्या वर्गातील मुलांच्या दंडाची लस दुर्बळ असल्याचे दिसून आले असून वासराच्या लसीस अग्रमान देणे अगत्याचे आहे. वासराची लस पुढे खरोखर चांगली निघाली, ते मी नाकारत नाही. चांगली गोष्टसुद्धा आमच्याकडे खोट्या कारणानेच यावी लागते.

एवढ्या लहान मुलाचं सुतक शास्त्रात थोडकंच आहे. रावसाहेबांनी शास्त्रीबोवांना विचारलं आणि एका दिवसात मोकळे झाले. चौथ्या दिवशी आमच्या कचेरीच्या त्याच दिवाणखान्यात सभा होती, तिला ते अध्यक्ष होते. डॉक्टरांनी त्यांच्या दुःखाचा उल्लेख केला. रावसाहेब उठले, उपरण्याने डोळे पुसले आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या अज्ञानामुळे मुलांच्या आरोग्याचं काम कसं अडतं, यावर सुंदर बोलले. रडणं खोटं नव्हतं, हेही सांगतो. त्या माणसाला नातवाचा फार लळा होता. साहेबाने त्यांचा हात हातात घेतला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी दिव्याला गेलो. कोळीवाड्यात दोन नवी पोरं जन्मली होती, त्यांना टोचायचं होतं आणि हिराचं म्हणणं वाड्यात चाले, म्हणून आधी तिच्या दारी गेलो. बाजाराचा दिवस होता, तरी ती उंबऱ्यावर बसलेली. टोपली भिंतीशी पालथी. नवरा घरात, जाळं काठीवर कोरडं.

"आज नको मास्तर," ती म्हणाली. "आमचे घरात सुतक हाय. शिवू नका."

मी विचारलं, "कोण गेलं? कोलशेतला पारूची..."

"नाय नाय. पारूची पोर चांगली हाय." तिने डोळ्याला पदर लावला. "टेंभी नाक्याचा आमचा पोर गेला नाय का. धा दिस मासली नाय, जाला नाय. अजून पाच रायले."

आतून तिच्या मुलाचा खेळण्याचा आवाज येत होता. 

"तुमचे लोकांत किती दिस धरतात?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "दहाच."